फऱ्याजवळ दुखतं, पण दाबायचं कुठे? ट्रिगर पॉइंटचं घरच्या घरी काम

डोंबिवलीहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्या, अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या ४४ वर्षांच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. उजवा फरा (खांद्यामागचं सपाट हाड) आणि मणका यांच्या मधल्या पट्ट्यात सहा महिने जळजळतंय. दुपारी चारनंतर उजव्या कानशिलात ठणका सुरू होतो. हातात मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली डिस्क किंचित बाहेर आलेली दिसली. व्हिडिओ बघून त्यांनी ट्रिगर पॉइंट, म्हणजे स्नायूतल्या आखडलेल्या दुखऱ्या जागा, दाबायला सुरुवात केली. पत्नी कोपराने दाबतात, वरून मसाज गन. दाबताना बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असतं, आणि आता पाठीवर काळानिळा डाग पडलाय. जागा चुकतेय, जोर चुकतोय, की हा सगळा प्रकारच खोटा, असं त्यांनी विचारलंय.

तुमची जागाही चुकतेय आणि जोरही. प्रकार खोटा नाही, पण व्हिडिओत दाखवतात तेवढा सोपाही नाही. सर्वांत आधी, तो डाग जाईपर्यंत त्या भागाला कोपर, गन, बॉल काहीही लावू नका. काळानिळा डाग म्हणजे आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्यात. त्याने स्नायू मोकळा होत नाही, उलट त्या भागाला वाचवण्यासाठी आजूबाजूचे स्नायू आणखी आखडतात. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं ते यामुळेच.

आता जागेबद्दल. स्नायूतल्या ट्रिगर पॉइंटचं दुखणं बऱ्याचदा तो जिथे असतो तिथे जाणवतच नाही, दुसरीकडेच उमटतं. त्या वाटा ठरलेल्या आहेत. अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी कित्येक वर्षं रुग्ण तपासून या वाटांचे नकाशे तयार केले आणि डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत १९८३ मध्ये ते सविस्तर प्रसिद्ध केले. आजही जगभरचे फिजिओथेरपिस्ट तेच नकाशे वापरतात. ट्रॅव्हेलबाई १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या अधिकृत डॉक्टर झाल्या. केनेडींच्या पाठीसाठी त्यांनी इंजेक्शनं दिलीच, पण बसायला झुलती खुर्ची दिली आणि बुटात टाचेखाली उंचीही घालायला लावली. हे मुद्दाम सांगतोय, कारण नुसतं दाबत बसून आणि स्नायूवरचा रोजचा भार तसाच ठेवून कुणाचं दुखणं कायमचं जात नाही.

ट्रिगर पॉइंटमध्ये नेमकं काय होतं? सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण असं: मज्जातंतू स्नायूला जिथे मिळतो, तिथे अॅसिटिलकोलिन हे रसायन गरजेपेक्षा जास्त सुटत राहतं. त्यामुळे स्नायूच्या तंतूचा छोटासा भाग आखडतो आणि तसाच राहतो. आखडलेला भाग आपल्याच बारीक रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे प्राणवायू कमी पोचतो. स्नायू आखडायला ऊर्जा लागते तशी सैल व्हायलाही लागते, आणि तीच तिथे कमी पडते. मग वेदना वाढवणारी द्रव्यं साचतात. या सिद्धान्तावर वाद आहेत. दोन अनुभवी तपासनीसांच्या बोटांना एकच जागा सापडेल याची खात्री नसते, आणि रोजच्या वापरातल्या कुठल्याही एक्सरे किंवा एमआरआयमध्ये ट्रिगर पॉइंट दिसत नाही. म्हणून बोटाला गाठ लागली एवढ्याने काही सिद्ध होत नाही. जी जागा दाबल्यावर तुमचं नेहमीचं, ओळखीचं दुखणं जसंच्या तसं उमटतं, आणि जी सैल झाल्यावर मान जास्त वळते, तीच कामाची जागा.

तुमच्या एमआरआयबद्दलही याच ओघात सांगतो. चाळिशीनंतर काहीही न दुखणाऱ्या कित्येक लोकांच्या एमआरआयमध्ये डिस्क थोडी बाहेर आलेली असते. हातात मुंग्या, बधिरपणा, पकड ढिली होणं यातलं काही नसेल तर त्या रिपोर्टला घाबरून मान हलवायची बंद करू नका. एक साधी खूण मात्र बघा. उजवा तळहात डोक्यावर ठेवून एक मिनिट बसा. तेवढ्याने फऱ्याजवळचं दुखणं स्पष्ट कमी झालं, तर मानेतली नस किंवा मानेच्या बाजूचे स्केलीन स्नायू यांच्याकडे संशय जातो. तसं असेल तर घरचे प्रयोग थांबवून आधी तपासून घ्या.

कुणी दाबायचंच नाही, हेही आधी सांगतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, हाडं ठिसूळ झालेल्यांनी, कॅन्सरचे उपचार चालू असलेल्यांनी, ताप असताना, अलीकडेच फ्रॅक्चर किंवा ऑपरेशन झालेलं असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. एकच पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय, तर ती चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशी लक्षणं असतील तर ‘स्नायू धरला असेल’ म्हणत थांबू नका, थेट कॅज्युअल्टीत जा. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणं, हाता-पायातली ताकद कमी होत जाणं, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुशी बदलूनही न थांबणारं दुखणं, यातलं काही असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. मऊ, त्वचेखाली सरकणारी, न दुखणारी गाठ बहुतेकदा चरबीची असते. ती दाबून जात नाही. वाढत असेल तर दाखवून घ्या.

फरा आणि मणका यांच्यामध्ये जे स्नायू आहेत, रॉम्बॉइड, ते तुमच्यासारख्या टेबलावर वाकून काम करणाऱ्यांमध्ये बहुधा आखडलेले नसतात, ताणलेले असतात. खांदे पुढे झुकल्यामुळे ते दिवसभर ओढले जातात. त्यांच्यावर कोपर रोवणं म्हणजे आधीच ओढलेल्या स्नायूला मारणं. या पट्ट्यात दुखणं पाठवणारे स्नायू दुसरेच आहेत. फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापासून मानेकडे जाणारा लिव्हेटर स्कॅप्युली, मानेच्या बाजूचे स्केलीन, आणि कधीकधी फऱ्याच्या सपाट भागावरचा इन्फ्रास्पायनॅटस. कानशिलातला ठणका बहुतेक करून वरच्या ट्रॅपिझियसचा, म्हणजे मान आणि खांदा यांच्यामधल्या मांसल भागाचा. त्याच्या दुखण्याची वाट मानेच्या बाजूने वर चढते, कानामागून वळते आणि कानशिलात, डोळ्याच्या कडेला संपते. डोकेदुखीच्या गोळ्या खाणाऱ्या कितीतरी लोकांचा खांदा कधी कुणी चाचपलेलाच नसतो.

तिथूनच सुरुवात करू. हाताला तेल, बाम काही लावू नका. कातडी कोरडी हवी, नाहीतर बोट घसरतं आणि आतला पट्टा हाती लागत नाही. खुर्चीत बसा. उजवं कोपर खुर्चीच्या हातावर किंवा मांडीवरच्या उशीवर इतकं उंच टेकवा की खांदा आपोआप थोडा वर राहील. स्नायू सैल असल्याशिवाय आतलं काही कळत नाही. डावा हात छातीवरून पलीकडे न्या. मान आणि खांद्याचं टोक यांच्या साधारण मध्यावरचं मांस अंगठा आणि पहिली दोन बोटं यांच्या चिमटीत धरा. नुसती कातडी नको, आतला जाडसर भाग चिमटीत आला पाहिजे. आता चिमूट न सोडता बोटं अंगठ्यावरून सावकाश पुढे-मागे सरकवा. निरोगी भाग मऊ, सारखा लागतो. आखडलेला भाग ताणलेल्या सुतळीसारखा बोटाखालून टणकन निसटतो. त्या दोरीवर पाव-पाव इंचाने पुढे जा. एका ठिकाणी तुम्ही दचकाल, आणि त्याच क्षणी किंवा चार-पाच सेकंदांनी कानशिलात ओळखीचा ठणका येईल. तीच जागा.

जोर किती? शून्य म्हणजे काही नाही आणि १० म्हणजे असह्य असं धरलं, तर ५ वर थांबा. ६ च्या पुढे कधीच नको. श्वास अडकला, दात-ओठ खाल्ले गेले, दुसरा खांदा वर गेला, तर जोर जास्त आहे. शरीर बचावात गेलं की स्नायू सैल व्हायचं नाव घेत नाही. पूर्वी या पद्धतीत खूप जोराने दाबायला शिकवायचे, पण पुढे ट्रॅव्हेल-सायमन्स यांच्याच परंपरेत ते बदललं. आता बोटाला पहिला विरोध जाणवेल तिथवर दाबायचं, थांबायचं, विरोध सैल झाला की आणखी किंचित आत जायचं. ३० ते ६० सेकंद धरा. त्यात दुखणं ५ वरून २-३ वर आलं पाहिजे. दीड मिनिट होऊनही उतरलं नाही, तर एकतर जोर जास्त आहे किंवा जागा ती नव्हे. सोडा, संध्याकाळी पुन्हा बघा. एका जागी दोन-तीनदा, एका स्नायूला एकूण पाच मिनिटांच्या आत. असं दिवसातून तीन-चार वेळा. रविवारी तासभर दाबून आठवडाभर विसरून जाण्याने काहीही साधत नाही. रोज थोडं थोडं, वरचेवर.

दाबून झालं की स्नायूला त्याची पूर्ण लांबी दाखवणं गरजेचं. आधी मान सावकाश दोन्हीकडे तीन-तीनदा वळवा. मग उजवा हात खुर्चीच्या बैठकीखाली अडकवा, डोकं डावीकडे झुकवा, २० ते ३० सेकंद थांबा. डोक्यावर डावा हात ठेवायचा असेल तर नुसता ठेवा, ओढू नका. लोक बहुतेक ही पायरीच गाळतात, आणि मग तासाभरात सगळं पहिल्यासारखं झालं अशी तक्रार करतात. एक सावधगिरी अशी की अंगठा गळ्याच्या आडव्या हाडामागच्या खळग्यात वरून खाली खुपसू नका. तिथे हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा आणि रक्तवाहिनी आहे, आणि थोडंच खाली फुप्फुसाचं टोक.

लिव्हेटर स्कॅप्युलीचा नेम धरायला फऱ्याचा वरचा आतला कोपरा शोधा. उजवा हात पाठीमागे कमरेकडे नेला की फरा किंचित उचलला जातो आणि तो कोपरा डाव्या हाताच्या बोटांना लागतो, मणक्यापासून साधारण तीन बोटं बाहेर. त्या हाडाच्या लगेच वर, मानेच्या दिशेला, स्नायू जिथे चिकटतो तिथे बहुतेक दुखरी जागा सापडते. बोटं तिथे जास्त वेळ टिकत नाहीत, अंगठे दुखायला लागतात. जुन्या पद्धतीची, वळलेल्या मुठीची लांब छत्री घरात असेल तर मुठीच्या टोकाला नॅपकिन गुंडाळा, मूठ खांद्यावरून पाठीकडे टाकून टोक त्या जागेवर बसवा आणि समोरून दांडा दोन्ही हातांनी सावकाश खाली ओढा. जोर सेकंदात कमी-जास्त करता येतो, म्हणून हे साधन मला बॉलपेक्षाही आवडतं. ताण देताना डोकं डावीकडे अर्धं वळवून डाव्या काखेत बघितल्यासारखं खाली झुकवा. फऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत ओढ जाणवली तर बरोबर आहे.

इन्फ्रास्पायनॅटससाठी बॉल हवा. साधा टेनिस बॉल पुरतो. शिवणीचा कातडी सीझन बॉल नको, तो फार कडक असतो आणि शिवण हाडावर रुतते. बॉल लांब मोज्यात घाला, मोज्याचं तोंड खांद्यावरून पुढे घेऊन हातात धरा, म्हणजे तो घरंगळत नाही. भिंतीपासून पावलं फूटभर पुढे ठेवून टेका, बॉल फऱ्याच्या सपाट भागावर, मधोमध. गुडघे वाकवून-सरळ करून बॉल इंच-इंच हलवा. या स्नायूचं दुखणं चमत्कारिक असतं. दाबता मागे आणि दुखतं खांद्याच्या पुढच्या बाजूला, खोल आत, कधी दंडावरून खाली. जमिनीवर झोपून बॉलवर अंग टाकायची घाई करू नका. भिंतीशी पावलं पुढे-मागे करून भार ठरवता येतो, जमिनीवर सगळं वजन एकदम येतं. तुमच्या पाठीवर आहे तसा डाग अशानेच पडतो.

स्केलीन मात्र स्वतः दाबू नका. त्यांच्या फटीतूनच हाताच्या नसा आणि रक्तवाहिनी जातात, आणि जवळच मानेची मोठी धमनी आहे. गळ्याच्या बाजूला जिथे ठोका लागतो तिथे बोट रोवणं धोक्याचं आहे. चक्कर येऊ शकते, वयस्कर माणसांत त्याहून वाईट घडू शकतं. या स्नायूंना सैल करण्याचा सुरक्षित मार्ग श्वासातून जातो. ते श्वास घेताना मदतीला येणारे स्नायू आहेत. माणूस तणावात छातीने वरवर श्वास घेत राहिला की त्यांना दिवसभर ओव्हरटाइम पडतो. पाठीवर झोपून एक हात पोटावर, एक छातीवर ठेवा. पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळपास हलू नये. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, पाच मिनिटं. रात्री झोपण्याआधी करा, नंतर सवय झाली की गाडीतही जमतं.

दाबू नयेत अशा बाकीच्या जागाही सांगून ठेवतो. मणक्याची हाडं, काख, जांघ, गुडघ्याची मागची खोलगट बाजू, कोपराच्या आतल्या कडेची खाच (आपटल्यावर हातभर झिणझिण्या येतात ती), गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडं खाली असलेलं हाडाचं टोक, आणि पाठीत शेवटच्या बरगडीखालचा मूत्रपिंडाचा भाग. दाबताना विजेसारखी कळ किंवा मुंग्या आल्या तर बोटाखाली नस आहे, लगेच सरका.

मसाज गनचा राग नाही, पण तुमच्या दुखण्यात ती गौण आहे. फऱ्याच्या हाडावर, मानेवर, गळ्याच्या हाडाच्या वर ती लावूच नये. जाड स्नायूंवर, म्हणजे मांडी, कुल्ला, पोटरी यांच्यावर, सर्वांत कमी वेगात ३० ते ६० सेकंद, तेवढीच. शेक चांगला. दाबण्याआधी १० ते १५ मिनिटं गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवली की स्नायू लवकर हाती येतो. मधुमेहामुळे कातडीची जाणीव कमी झालेल्यांनी पिशवीची उष्णता दुसऱ्या कुणाला तरी तपासायला सांगावी. बामने कातडीला गरम-गार वाटतं, मेंदूचं लक्ष तिकडे वळतं, बरंही वाटतं, पण आतल्या आखडलेल्या पट्ट्यापर्यंत ते जात नाही. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आठवडेच्या आठवडे मनाने घेत राहू नका. पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही त्याची किंमत मोजतात.

इथवरचं सगळं नीट केलंत आणि बाकी दिवस होता तसाच ठेवलात, तर संध्याकाळी दुखणं परत येईल. डोंबिवली ते सीएसएमटी फास्ट लोकलला तासाच्या वर लागतो. उजवा हात वरच्या कडीला लटकलेला, उजव्याच खांद्यावर लॅपटॉपची बॅग, डाव्या हातात मोबाइल आणि मान खाली, अशी बहुतेकांची उभी राहायची तऱ्हा असते. ट्रॅपिझियस आणि लिव्हेटर या दोघांना एकाच वेळी ओढण्याची यापेक्षा पक्की व्यवस्था शोधून सापडणार नाही. बॅग एकदा वजनकाट्यावर ठेवा. चार्जर, डबा, पाण्याची बाटली, छत्री धरून आकडा बघितलात की काय काढायचं ते कळेल. दोन पट्ट्यांची सॅक घ्या, गर्दीत पुढे छातीवर घ्या, आणि जागा मिळाली की वरच्या रॅकवर टाका. हात स्टेशनवारी बदला. ठाण्यापर्यंत उजवा, घाटकोपरपर्यंत डावा, दादरपर्यंत पुन्हा उजवा. खांद्याच्या खालच्या उंचीला धरायला उभा दांडा मिळत असेल तर कडीपेक्षा तो बरा. मोबाइल बघायचाच असेल तर छातीच्या उंचीला आणा. एसी लोकलमध्ये किंवा ऑफिसात गार झोत थेट मानेवर येत असेल तर रुमाल, स्टोल काहीतरी गुंडाळा. गार झोताने मानेचे स्नायू आखडतात, हा अनुभव फार जणांचा आहे.

ऑफिसात टेबलाची उंची बघा. टाइप करताना खांदे कानांकडे जात असतील तर खुर्ची वर घ्या आणि पाय टेकायला खाली पाट किंवा फाइलींचा गठ्ठा ठेवा. कोपरांना आधार हवाच. लॅपटॉप पुस्तकांवर चढवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, कीबोर्ड वेगळा लावा. चाळिशीचा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर एक गोष्ट तपासा. काचेच्या खालच्या भागातून स्क्रीन वाचायला तुम्ही हनुवटी वर-पुढे काढता का? तसं असेल तर मानेमागचे छोटे स्नायू दिवसभर आवळलेले राहतात आणि डोकेदुखी थांबत नाही. स्क्रीन खाली घ्या किंवा संगणकासाठी वेगळा चष्मा करा. दर अर्ध्या-पाऊण तासाला उठून खांदे वर, मागे, खाली असे पाच वेळा फिरवा. रात्री पालथं झोपू नका. कुशीवर झोपताना उशी एवढी जाड हवी की कान आणि खांदा यांच्यामधली जागा भरून मान सरळ राहील.

दुखणं निम्म्यावर आलं की ताकदीचा व्यायाम सुरू करा, कारण कमजोर स्नायू पुन्हा पुन्हा त्याच भाराने थकतो. डेन्मार्कमध्ये ऑफिसकाम करणाऱ्यांवर झालेल्या एका चाचणीत इलॅस्टिक बँडने हात दोन्ही बाजूंना उचलण्याचा व्यायाम रोज अवघी २ मिनिटं असा १० आठवडे करवला, आणि तेवढ्यानेही मान-खांद्याचं दुखणं कमी झालं. बँड पायाखाली धरा, कोपरं किंचित वाकवून हात खांद्याच्या उंचीपर्यंत बाजूला उचला, तितक्याच सावकाश खाली आणा. सुरुवातीला मऊ बँड, ८ ते १० वेळा. सोबत बँड दाराच्या कडीत अडकवून कोपरं मागे ओढण्याचा व्यायाम, १० ते १२ वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस.

इतर ठिकाणच्या दुखण्यांसाठी थोडक्यात: टाचदुखीत पोटरीतला खोल सोलियस स्नायू तपासा. बसून पोटरीवर लाटणं घोट्याकडून वर सावकाश फिरवा, गुडघ्यामागे जाऊ नका. कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूचा ग्लुटियस मिनिमस पायाच्या कडेने घोट्यापर्यंत दुखणं पाठवतो आणि हुबेहूब सायटिकासारखा वाटतो. तिथेही भिंत आणि बॉल. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं बऱ्याचदा मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचं असतं. पोळ्या लाटणं, कपडे पिळणं, माउस, तिन्हीत तेच स्नायू राबतात.

दुखणं एका जागी बरं झालं की दुसरीकडे निघत असेल, अंगभर थकवा असेल, तर स्नायूंपलीकडे बघायला हवं. ड आणि बी-१२ जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. पूर्ण शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असणं नेहमीचं, आणि सकाळी अंधारात घर सोडून रात्री परतणाऱ्याला ऊन मिळणार कुठून? कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन सुरू झाल्यावर स्नायू दुखायला लागले असतील तर ते डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका.

दाबल्यानंतर एक-दोन दिवस व्यायाम केल्यासारखं हलकं दुखलं तर चालेल. नवीन दुखण्यात आठवड्याभरात फरक कळतो. तुमचं सहा महिन्यांचं आहे, चार ते सहा आठवडे धरा. पण दोन आठवडे नीट करूनही काहीच हललं नाही, तर अंदाज चुकलाय असं समजून फिजिओथेरपिस्टकडे जा. केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत, खर्चाची चिंता असेल तर तिथे जाता येईल. चालू गोळ्यांची यादी न्या, आणि कुठली जागा दाबली की दुखणं कुठे उमटतं ते लिहून न्या.

तिथे कदाचित ड्राय नीडलिंग सुचवतील. यात औषध नसलेली अगदी बारीक सुई थेट ट्रिगर पॉइंटमध्ये घालतात. स्नायू क्षणभर फडफडतो आणि मग बऱ्याच जणांचा ताण उतरतो. प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्या, सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली असू द्या, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. वरच्या ट्रॅपिझियसमध्ये आणि फऱ्याजवळ सुई चुकली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. क्वचित घडतं, पण घडतं. म्हणून नीडलिंगनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी धाप लागली, श्वास घेताना छातीत एका बाजूला टोचलं, कोरडा खोकला सुरू झाला, तर पाठीवर शेक घेत बसू नका, जवळच्या रुग्णालयात जाऊन नीडलिंग झाल्याचं सांगा आणि छातीचा एक्सरे काढून घ्या.